सहाव्या वाट्याची बाटली

सर, आज दिवसभर मला एका जागी बसवलं नाही. सकाळी अर्क गाळायचा कॉलम, म्हणजे काचेची उभी नळी, भरायला घेतला आणि सिलिकाची भुकटी ओतता ओतता मध्येच सोडून दिला. खिडकीपाशी गेले, परत आले, चहा मागवला आणि तो पार गार झाल्यावर आठवला. माझी विद्यार्थिनी दोनदा म्हणाली, "मॅम, तबियत ठीक है ना?" मी हो म्हणाले. तुम्ही असता तर म्हणाला असतात, हात थरथरत असतील तर काचेला हात लावू नकोस, जा, बाहेर चक्कर मारून ये. म्हणून चक्कर मारून आले. गेटपर्यंत गेले आणि तिथूनच मागे फिरले. मग हा कागद समोर घेतला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत मी तुमच्याशी मनात इतकं बोलले आहे की लिहायला बसल्यावर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. काल एक माणूस आला होता, त्याच्यामुळे हे सगळं वर आलंय. पण त्याचं शेवटी सांगते. आधी आपलं जुनं सांगितल्याशिवाय त्याचं सांगता येणार नाही.

तुमच्याकडे मी आले तेव्हा मला फक्त पास व्हायचं होतं. भोपाळच्या नेहरू नगरातलं आमचं घर, वडील सरकारी कचेरीत कारकून, घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. तुम्ही माझा अर्ज वाचलात, आडनावावरून ओळखलंत आणि पहिलाच प्रश्न नागपुरी मराठीत केलात, "काहून गं, झाडंच काहून पाहिजेत तुला?"  तुम्ही मला विभागाच्या पायऱ्यांपाशी नेलंत. तिथे कुंडीत सदाफुली होती, कुणीही मुद्दाम न लावता उगवते तशी. तुम्ही म्हणालात, "हिच्यातून काढलेलं औषध आज लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरला देतात. पोती पोती पानं वाळवावी तेव्हा चिमूटभर मिळतं. आणि हिचीच चार पानं तू आत्ता चावलीस तर औषध नाही, विष खाशील. या दोन वाक्यांच्या मधे जेवढं अंतर आहे ना, तेवढीच आपली नोकरी." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्याचा अर्थ कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली, आणि तोही तुमच्याच जिवावर.

दोन वर्षांनी आपल्याला ते झुडूप सापडलं, सातपुड्याच्या बाजूचं. त्याचं नाव मी या कागदावरसुद्धा लिहिणार नाही, तुमची ताकीद अजून पाळते. त्याच्या सालीचा अर्क काढून, काचेच्या उभ्या नळीतून गाळत गाळत आपण त्याचे बारा वाटे केले, आणि बाहेरच्या एका संस्थेत कॅन्सरच्या पेशींवर तपासायला पाठवले. सहाव्या वाट्यानं काम केलं. बशीतल्या पेशी दोन दिवसांत मेल्या. ज्या दिवशी निकाल आला त्या दिवशी मी तुमच्या आधी घरी फोन केला. वडिलांनी कचेरीत सांगितलं. कचेरीतल्या कुणाचा तरी मेहुणा छापखान्यात होता, आणि चौथ्या दिवशी एका हिंदी पेपरात माझा फोटो, वर मथळा, भोपाल की बेटी ने खोजी कैंसर की दवा. वडिलांनी त्याच्या पंधरा प्रती आणल्या.

तुम्ही तो पेपर माझ्या टेबलावर ठेवलात आणि फारच हळू आवाजात बोललात. ओरडला असतात तर सोपं गेलं असतं. "फिनाईल टाकलं तरी बशीतल्या पेशी मरतात. उद्या तुझ्या वडिलांना एक बाटली देऊ का प्यायला?" मी रडायला लागले. तुम्ही थांबला नाहीत. "आता लोक येतील. त्यांना मी उत्तरं देणार नाही. तू देशील. गेटवर स्टूल टाकून बस."

आणि मी आठ दिवस गेटवर बसले. लोक खरंच आले. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांतले कामगार, रायसेनकडचे शेतकरी, एक शाळेचे मुख्याध्यापक, हातात फायली, एक्सरेची पाकिटं, काही जणांच्या हातात तोच पेपर. प्रत्येकाला मी सांगायची, दवा नहीं है, अभी कुछ भी नहीं है. पहिल्या दिवशी मी खाली बघून बोलायची. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "तो बेटा, कब आऊँ?" मी उठून आत आले आणि तुम्हाला म्हणाले, मला जमणार नाही. तुम्ही हातातल्या प्रयोगाच्या प्लेटवरची नजरही काढली नाहीत. म्हणालात, "तिच्या डोळ्यांत बघून सांग. खाली बघून सांगितलं की लोकांना वाटतं, औषध आहे पण देत नाही." मी परत गेले. ती गेटपाशीच उभी होती. मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. तिनं फाईल पिशवीत घातली आणि ती बसस्टॉपकडे गेली. मला तेव्हा तुमचा राग आला होता. खरंच आला होता.

आणि मग तुम्हीच पिवळे पडलात. पित्ताशयाचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत पोचलेला. ऑपरेशनची वेळ गेलेली होती. डॉक्टरांनी किमो सुचवली, तिनं काही महिने मिळतील म्हणाले, जास्त आशा दाखवली नाही. दोन वेळा तुम्ही जाऊन घेऊन आलात. मार्च महिना होता, बाहेर ऊन तापायला लागलेलं, आणि तुम्ही स्वेटर घालून प्रयोगशाळेत आलात. मला आजही तुम्ही दिसता, त्या उंच स्टुलावर, पाय जमिनीला टेकत नाहीत, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरतंय. दुपारची वेळ आहे, बाकी सगळे जेवायला गेलेत.

"सहाव्या वाट्याचं किती उरलंय?"

"आहे थोडं. कशाला सर?"

"कशाला म्हणजे? प्यायला."

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. मी म्हणाले, सर, उंदरांवरसुद्धा झालेलं नाही आपलं. तुम्ही म्हणालात, "मग उंदीर मी होतो. वजन जास्त आहे, एवढाच फरक." मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "अगं, इतकी वर्षं दारात आलेल्या प्रत्येकाला मी नाही म्हणालो. मला एकदा हो म्हणू दे."

सर, तिथे त्या क्षणी मला नाही म्हणता यायला हवं होतं. फिनाईलचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण समोर तुम्ही होता, आणि माझं नाही तुमच्यापुढे आयुष्यात कधी टिकलं नव्हतं. मी म्हणाले, उद्या देते. आणि घरी जाऊन आईच्या स्वयंपाकघरात कोरा चहा उकळला, बिनसाखरेचा, काळा होईपर्यंत. त्यात मूठभर मेथी टाकली, कडू व्हावा म्हणून. गाळून तपकिरी बाटलीत भरला आणि वर लेबल लावलं, सहा, माझ्याच अक्षरात. दुसऱ्या दिवशी ती बाटली तुमच्या हातात दिली. किमोनं तुमची चव आणि वास दोन्ही गेलेत, हे तुमच्या घरून काकूंनी मला फोनवर सांगितलं होतं. त्याचा मी फायदा घेतला. आपण खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, मी तुम्हाला वाचवतेय. तुमचा मान राहील, पोटात विष जाणार नाही, किमो चालू राहील, आणि माझ्यावर काहीच येणार नाही. केवढी हुशार होते मी.

आठवड्याभरानं, शनिवारी पिपलानीला आले, सिटी बसनं, तुमच्या क्वार्टरवर. काकू ओट्यापाशी फुलके भाजत होत्या आणि त्यांचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसला. "बघ गं, दीड फुलका खाल्ला आज. वरण मागून घेतलं." तुम्ही स्वयंपाकघरातल्याच खुर्चीवर बसला होता आणि मला वही दाखवलीत. तारीख, वजन, भूक, झोप, दुखणं दहापैकी किती, अगदी आपल्या प्रयोगाच्या वहीसारखे रकाने आखलेले. भुकेचे आकडे खरंच वाढत होते. मग तुम्ही सहज म्हणालात, "परवाची, गुरुवारची किमो रद्द केली मी."

"का सर?"

"दोन्ही एकत्र घेतलं तर गुण कशाचा, ते कसं कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे मीच शिकवायचं का तुला आता?"

काकूंनी माझ्या ताटात फुलका वाढला, वर तूप. तो मी खाल्ला. सर, मी तो पूर्ण खाल्ला, आणि निघाले, आणि काहीही न बोलता बसमध्ये बसले.

त्यानंतरचे नऊ दिवस मी कशी होते ते मला नीट आठवत नाही, फक्त चालणं आठवतं. कोटऱ्याच्या वस्तीपर्यंत चालत जायची आणि परत यायची. आई विचारायची, कुठे जातेस, मी म्हणायची, दूध आणायला, आणि दूध न घेताच यायची. मनात सारखी उत्तरं तयार करत होते. असं सांगेन की बाटली संपली. असं सांगेन की संस्थेकडून पत्र आलंय, हे विषारी निघालं. म्हणजे एका खोट्यावर दुसरं. तुमच्या डॉक्टरांना फोन करायला दोनदा क्रमांक लावला आणि पहिल्याच रिंगला ठेवून दिला. एक दिवस, एक दिवस करत तुमचा तो गुरुवार मागे पडत गेला. इकडे काकूंचे रोज फोन, आज पोळी खाल्ली, आज अंगणात बसले. 

दहाव्या दिवशी आले. मंगळवार होता. काकू कारखान्याच्या शाळेत शिकवायला गेल्या होत्या, तुम्ही एकटेच मटार सोलत बसला होता, एका दाण्याला पाच मिनिटं लागत होती. मी चप्पल काढायच्या आधीच बोलले. "सर, बाटलीत काही नाहीये."

तुम्ही हातातली शेंग खाली ठेवलीत. "काय आहे?"

"चहा. कोरा. आणि मेथी."

"साखर?"

"नाही."

"निदान साखर तरी घालायचीस," तुम्ही म्हणालात, आणि मला वाटलं, सुटले. पण ती थट्टा नव्हती.  "मला नाही म्हणायचं होतंस. तोंडावर. मी ओरडलो असतो. तुझा प्रबंध अडवीन, असंही म्हणालो असतो बहुतेक. तरी नाही म्हणायचं होतंस. गेटवर काय मी ऊन खायला बसवलं होतं तुला?"

मी उभीच होते. तुम्ही वही ओढून घेतलीत. मला वाटलं, फाडणार. तुम्ही रकान्याच्या वर लिहिलेला 'सहावा वाटा' हा शब्द एका रेघेनं खोडलात, आपण खोडतो तसा, खालचं वाचता येईल असा, आणि वर लिहिलंत, चहा. आकडे तसेच ठेवलेत. म्हणालात, "निरीक्षणं खरी आहेत. भूक लागली होती मला."  मी तुमच्या समोर बसून उरलेले मटार सोलले. उठताना तुम्ही म्हणालात, "हिला सांगू नकोस. हिनं ते दीड फुलके मोजलेत."

गुरुवारी तुम्ही तिसरी किमो घ्यायला गेलात, मी बरोबर होते. डॉक्टर चिडले, म्हणाले, "प्रोफेसर साहब, आप भी?" त्यांना तुम्ही माझं नाव सांगितलं नाहीत. म्हणालात, मेरी गलती थी. चार महिन्यांनी तुम्ही गेलात. नंतर मी एकटी त्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, ते दोन आठवडे वाया गेले नसते तर? ते म्हणाले, काही फरक पडला नसता. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, नक्की असं कुणालाच सांगता येत नाही. तेव्हापासून ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात एकमेकांना धरून बसली आहेत. एक सोडवावं तर दुसरं हाताला चिकटतं.

आणखी एक आहे, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. खरा सहावा वाटा मी का दिला नाही? तुम्हाला वाटलं असेल, तत्त्व म्हणून. मीही स्वतःला तेच सांगत आले. तत्त्व होतंच. पण शीशीत जेमतेम अडतीस मिलिग्रॅम होतं आणि माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याच्यावर अडलं होतं. रेणूची रचना कळायला ते हवं होतं. तुम्ही 'किती उरलंय' विचारलंत तेव्हा माझ्या मनात आधी तुमचं यकृत आलं की माझं प्रकरण, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. प्रबंध झाला. रेणूची रचना कळली. पुढे उंदरांना दिलं तर रक्तात शोषलंच जात नव्हतं, सगळं तसंच बाहेर. म्हणजे ते तुम्ही प्यायला असतात तरी चहाच प्यायल्यासारखं होतं. हे कळलं त्या दिवशी हायसं वाटावं की रडू यावं, ते ठरेना. आम्ही अजून त्याच रेणूच्या मागे आहोत. थोडा बदलून, पुन्हा थोडा बदलून.

आता कालचं. विदिशेकडचा एक माणूस आला, चाळिशीचा असेल, ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो. त्यानं मोबाईल पुढे केला. त्यावर तीच बातमी होती सर, तोच माझा फोटो, दोन वेण्यांतला. अजून फिरतेय ती. कुणीतरी त्याला पाठवली होती. "मैडम, आप ही हैं ना?" त्याच्या बायकोला स्तनाचा कॅन्सर आहे. किमो चालू होती, ही बातमी मिळाल्यावर तिनं दोन तारखा चुकवल्या. झाडाचं औषध मिळतंय तर ते विष कशाला, असं तिचं म्हणणं. ती बाहेर व्हरांड्यात बसली होती, डोक्याला पदर घट्ट गुंडाळून.

मी बाहेर गेले, तिच्यासमोर खाली बसले आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, मेरे पास दवा नहीं है. तिनं विचारलं, "झूठ तो नहीं बोल रहीं?" मी म्हणाले, नाही. ती उठेना. मग मी गाडी काढली आणि दोघांना घेऊन तिच्या रुग्णालयात गेले, चार तास रांगेत बसले. तिला सलाइन लावली, तेव्हा मी बाटलीवरचं नाव वाचलं. पॅक्लिटॅक्सेल. मी तिला म्हणाले, ही दवा पहिल्यांदा एका झाडाच्या सालीतूनच काढली होती. खूप लोकांनी, खूप वर्षं तपासून. ती त्या नळीकडे बघत राहिली. "पेड़ की है?" "पेड़ की थी." "तो इतना क्यों सताती है?"  नवऱ्यानं तिचा पदर सारखा केला. डॉक्टर म्हणाले, दोन तारखा चुकल्यात, बघू आता. बघू म्हणजे काय, हे मला आणि तुम्हाला माहीत आहे, त्या दोघांना माहीत नाही. पुढची तारीख मी माझ्या मोबाईलमध्ये घालून ठेवली आहे. म्हणूनच आज कॉलम अर्धाच राहिला.

काकू बऱ्या आहेत. कारखान्याचं क्वार्टर त्यांनी निवृत्तीनंतर सोडलं, आता जवळच भाड्यानं राहतात. दर रविवारी मी जाते. अजूनही कुणी शेजारीण आली की त्या माझी ओळख करून देतात, हिनं दिलेल्या औषधानं शेवटी ह्यांना भूक लागायला लागली होती. मी खाली बघते. तुम्ही शिकवलेलं सगळं एवढ्या एका ठिकाणी कमी पडतं.

हा कागद त्यांच्या हातात द्यावा असं आज दुपारी वाटलं होतं. घडीसुद्धा घातली. देणार नाही. तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात, त्याच शब्दाच्या आड मी नऊ वर्षं उभी आहे. पण कारण ते नाही, सर. आता आई नाही, वडील नाहीत. रविवारी मला उशीर झाला तर फोन करून 'कुठे आहेस गं' असं विचारणारं माणूस एकच उरलंय.